उभे रेणू, पालथे रेणू

१४ मार्च २०२४

आज दुपारी मीटरवरचा आकडा पाहिला आणि आधी वाटलं, तार निसटली असणार. तपासली. घट्ट होती. पुन्हा मोजलं, तोच आकडा. मग मी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले.

घरी सांगितलं. नवरा, हेरंब, "अरे वा" म्हणाला, मैत्रेयीने "कूल, आई" म्हणून फोनमध्ये डोकं घातलं, आणि आमटी वाढून झाली. म्हणून इथे लिहिते.

आमचं रसायन म्हणजे एक किरमिजी पूड. तिचा एकेक रेणू लांबट आणि चपटा, फळीसारखा. हवा काढून घेतलेल्या पोलादी पात्रात ही पूड तापवायची. तिची वाफ वर जाते आणि वर टांगलेल्या सिलिकॉनच्या पट्टीवर थर धरते. थर इतका पातळ की केसाच्या जाडीत असे हजार मावतील. या थरातून वीज वाहते. तांबं नाही, लोखंड नाही, रंगासारखी दिसणारी एक पूड, आणि तिच्यातून वीज वाहते! किती सहज वाहते याच्या आकड्याला आम्ही मोबिलिटी म्हणतो. वर्षभर माझा आकडा शून्याच्या आसपास घुटमळत होता. आज २.१ आला. पाचच्या पाच पट्ट्यांवर.

या वेळी मी पूड दोनदा शुद्ध करून घेतली होती. डॉ. अरोरा म्हणतात, हे शुद्धतेचंच फळ. डॉ. नवनीत अरोरा माझे गाइड, माझ्याहून सात वर्षांनी लहान. तीनदा मोजायला लावलं आणि मग म्हणाले, "शुभदाजी, पेपर लिखिए." बस. कौतुकाला माणूस भलताच कंजूस आहे.

खंडेराव जगदाळे, आमचे तंत्रज्ञ, त्याहून कंजूस. सैन्यात तोफांच्या दुर्बिणी दुरुस्त करायचे, आता इथे करारावर. अख्ख्या लॅबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, पण माझ्याशी चार वाक्यांच्या वर बोलत नाहीत. सतरा वर्षं संसार करून परत आलेली हौशी बाई वाटत असेन त्यांना. आज पट्ट्यांची चौकट पात्रातून काढून, हातरुमालात धरून माझ्यापुढे ठेवली. "जपून, मॅडम." शिस्त म्हणजे शिस्त.

९ मे

पेपर जर्नलला गेला. शीर्षकातच 'शुद्धता' आहे. पहिलं नाव माझं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

कंपनीचा इंजिनियर पात्राच्या वार्षिक दुरुस्तीला आला होता. खंडेराव तीन दिवस त्याच्या अवतीभोवती. तीनदा चहा, एकदा समोसे. गावाकडचे लोक पाहुणचार सोडत नाहीत.

२ ऑगस्ट

पेपर तपासणाऱ्या परीक्षकांचं पत्र आलं. निष्कर्ष लक्षवेधी आहे म्हणतात, पण पट्ट्या पाचच. निदान बारा हव्यात, उरलेल्या नव्याने करून दाखवा.

सातच ना! आज चार केल्या. मोजल्या.

०.००४.

काहीतरी चुकलं असणार. उद्या पुन्हा.

२३ ऑगस्ट

एकतीस पट्ट्या. एकतीसही मेलेल्या.

पूड बदलली. काच-सिलिकॉन धुवायचं द्रावण बदललं. ऑगस्टची दमट हवा असेल म्हणून खोलीत ओल शोषणारं यंत्र दोन दिवस चालवलं. काही नाही. तेच पात्र, तीच मी, वहीत तेच आकडे : दाब तोच, वेग तोच, पट्टीचं तापमान तीस अंश. आणि वीज पाचशेपट कमी.

अरोरांनी आज सगळ्यांसमोर विचारलं, "मार्च में आपने ठीक से मापा तो था ना?"

मी "येस सर" म्हटलं. घरी येताना नोएडाहून गुरुग्रामपर्यंतच्या मेट्रोत मात्र तोच प्रश्न मला मीच विचारत होते. राजीव चौकाला गाडी बदलायची विसरून पुढे गेले. मला हवं होतं म्हणून दिसलं का ते? एकदा बाहेर पडलेल्या माणसाने परत येऊ नये असं काही असतं का?

हेरंब हल्ली सहाला उठून स्वयंपाकघरात भांडी वाजवतो. वय झालं की झोप उडते म्हणतात. त्या आवाजाने माझीही मोडते. डबा तेवढा आयता मिळतो.

१२ सप्टेंबर

आज अरोरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. त्यांच्या बढतीची मुलाखत डिसेंबरात आहे, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे.

"मार्च वाली सात प्लेट्स और पड़ी हैं ना अलमारी में?"

"आहेत सर. त्यांचंही मोजमाप चांगलं आहे."

"तो पाँच और सात बारह हो गए."

मला समजायला एक क्षण लागला. त्या सात पट्ट्या मार्चच्याच, त्याच दोन दिवसांतल्या, पेपरात न घातलेल्या. त्या 'नव्याने करून पाहिल्या' म्हणून दाखवायच्या.

"सर, त्या नव्या नाहीत."

"चलती तो हैं."

"परीक्षकांनी पुन्हा करा म्हटलंय. माझ्याकडून पुन्हा होत नाहीये. हेच खरं आहे."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "ठीक है. एक महीना. उसके बाद मैं नहीं जानता."

बाहेर आले तेव्हा खंडेराव पात्राचे बोल्ट पुसत होते. दार लोटलेलं असलं तरी त्यांनी ऐकलं असावं. माझ्याकडे बघून काही बोलणार असं वाटलं, पण खाली मान घालून पुन्हा पुसायला लागले. बोल्ट आधीच लखलखीत होते.

२९ सप्टेंबर, रविवार

मैत्रेयीने आज आपणहून विचारलं, "आई, तुझं एक्झॅक्टली काय बिघडलंय?"

मी म्हटलं, तेच कळत नाहीये. पण रेणू कसे बसतात ते दाखवते. कपाटातली तिची पुस्तकं घेतली. "हा एक रेणू. चपटा. वीज एका पुस्तकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पोटावर उडी मारते. पोटाला पाठ लागली तरच. कडेने जाणं तिला जवळजवळ जमतच नाही. आता पुस्तकं फळीवर उभी लावलीस तर वीज कुठे जाईल?"

"साइडवेज. फळीच्या या टोकापासून त्या टोकाला."

"बरोबर. आणि पालथी घालून चळत केलीस तर?"

"पालथी म्हणजे?"

मी बघतच राहिले. हिला पालथं माहीत नाही! उताणं, पालथं, कुशीवर, तिरपं, कलतं, सगळं पलंगावर लोळून दाखवलं. हेरंब दारात उभा राहून हसत होता.

"अच्छा, उलटा लेटना," ती म्हणाली. "मग वीज वर-खाली जाईल. साइडला नाही." मग जरा थांबून, "तुझी वीज कुठून कुठे जायला पाहिजे?"

"पट्टीवर आडवी. डावीकडून उजवीकडे."

"मग ऑगस्टवाले लेटे हुए असतील. बिल्कुल सिंपल आहे यार."

सोपं नाहीये. तेच रसायन, तीच पट्टी, तेच तापमान असताना ते मार्चमध्ये उभे आणि ऑगस्टमध्ये पालथे का पडतील? त्यांना काय महिना कळतो?

पण रात्री झोप येईना. पाठ, पोट, कूस. एवढ्याशा रेणूला पाठ-पोट आहे, आणि त्यावर सगळं अवलंबून आहे.

४ ऑक्टोबर

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

जेवणानंतर मी मार्चची एक आणि ऑगस्टची एक पट्टी समोर ठेवून बसले होते. या काचेच्या, रंग तपासायला प्रत्येक खेपेला एकेक काच आम्ही सोबत टांगतो. मार्चची फिकी गुलाबी, ऑगस्टची गडद. थर दोन्हीकडे सारखाच, जाडी मोजलेली. मार्चमध्ये मला वाटलं होतं, काच नीट पुसली गेली नाही म्हणून फिकी.

खंडेराव मागे येऊन उभे राहिले. "बघू का, मॅडम?"

त्यांनी मार्चची काच कडेने धरली, खिडकीसमोर नेली, एक डोळा मिटला. मग सावकाश कलती केली. पुन्हा सरळ. पुन्हा कलती. खिशातून एक जुनी काळसर काच काढली, दुर्बिणीतली, आणि ती डोळ्यासमोर धरून तेच केलं.

"ताई, इकडं या."

पहिल्यांदा ताई म्हणाले.

मी त्यांच्या काळ्या काचेतून बघितलं. सरळ धरली की पट्टी फिकी, जवळजवळ पाण्यासारखी. कलती केली की रंग आतून भरून येत होता. गुलाबी, मग लाल, मग किरमिजी. सरळ केली की गेला. कुणी आत दिवा वर-खाली करत असल्यासारखा.

"ऑगस्टची बघा. ही सरळच गडद. कलती करा, फार फरक नाय." त्यांनी काळी काच पुसली. "आमच्याकडं दुर्बिणीच्या भिंगात ताण आहे का ते असं बघायचे. आतली रचना कुठल्या दिशेला आहे ते रंग सांगतो. या दोन्हींत माल एकच आहे, पण बसलाय वेगळा."

रेणू प्रकाश शोषतो तो आपल्या लांबीच्या दिशेने. फळ्या उभ्या असल्या तर समोरून बघणाऱ्याला फक्त त्यांची टोकं दिसतात, म्हणून रंग फिका. कलतं केलं की लांबी दिसायला लागते. आडव्या असल्या तर समोरूनच सगळी लांबी, म्हणून गडद. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण कुठल्याही सूक्ष्मदर्शकाने न दिसणारी गोष्ट, कोट्यवधी कोटी रेणू एकसारखे उभे, ती नोएडातल्या खिडकीत, उघड्या डोळ्यांनी, चिमटीत धरून!

किती वेळ आम्ही दोघं ती काच कलती करत बसलो कोण जाणे. मैत्रेयीचं खरं होतं. ऑगस्टचे पालथे आहेत.

"पण का, खंडेराव? काय बदललं?"

त्यांचा चेहरा एकदम मिटला. "ते मला काय कळणार, मॅडम," म्हणाले आणि गेले.

पुन्हा मॅडम. माझं काही बोलणं लागलं का?

६ ऑक्टोबर, रविवार

मार्चमध्ये काय केलं होतं ते शोधायला लॅबची वही पाच वेळा वाचून झाली होती. आज ही वही उघडली, आकडे नसलेली. चौदा मार्चचं पान वाचलं.

'पट्ट्यांची चौकट पात्रातून काढून, हातरुमालात धरून माझ्यापुढे ठेवली. जपून, मॅडम.'

तीस अंशांची चौकट रुमालात कोण धरतं?

देवा. गरम होती.

७ ऑक्टोबर

सकाळी लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. मी सरळ विचारलं, "खंडेराव, मार्चमध्ये पट्टी तापलेली होती ना?"

ते पान्याने नट आवळत होते. हात थांबला. पान्याकडेच बघत म्हणाले, "कळलं तुम्हाला."

मग खाली बसले आणि सगळं सांगितलं. मार्चच्या सुरुवातीला तापमान मोजणाऱ्या तारेचं टोक तुटलं. नवीन मागवलं तर दोन महिने, आणि माझे प्रयोग थांबले असते. त्यांनी जुन्या यंत्रातलं टोक काढून लावलं, पण ते पट्टीच्या चौकटीत बसेना, म्हणून पात्राच्या आतल्या भिंतीला बांधलं. तात्पुरतं. आत सगळं सारखंच गरम असेल असं वाटलं.

"आत हवाच नाही, खंडेराव."

"नंतर आलं ध्यानात. हवा नाय तर ऊब भिंतीला पोचणार कशी? भिंत एसीनं गार. यंत्राला आपलं वाटायचं, अजून तीस झालं नाय, तापव. तापवतच राहिलं. चौकट हाताला चटकायची तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मेमध्ये त्या इंजिनियरनं टोक जागेवर बसवलं. तेव्हा वाटलं, चला, निस्तरलं. ऑगस्टात तुमचं बिघडायला लागलं तशी माझी झोप गेली."

"मग बोलला का नाहीत?"

"दर महिन्याला रजिस्टरात 'तापमान यंत्र ठीक' म्हणून माझी सही आहे, ताई. डिसेंबरात करार संपतोय. सव्वीस वर्षं फौजेत खोटी सही केली नाय, आणि इथं…" त्यांनी पाना खाली ठेवला.

मला राग यायला हवा होता. दोन महिने मी स्वतःला वेड्यात काढत होते. पण मला दिसत होतं ते वहीचं पान. 'पट्टीचं तापमान ३०', आणि त्याखाली माझी सही. प्रत्येक पानावर. मी एकदाही बोट लावून बघितलं नव्हतं.

"सह्या माझ्याही आहेत," मी म्हटलं. "आपण दोघं जाऊन सांगू."

"आधी मी जातो. फौजेत असंच असतं. ज्याची चूक, तो आधी."

८ ऑक्टोबर

ते खरंच आधी गेले होते. मी पोचले तेव्हा अरोरांच्या टेबलावर खंडेरावांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला हिंदीतला कागद होता. ते बाहेर भिंतीला पाठ लावून सावधान उभे.

अरोरा मला म्हणाले, "मतलब शुद्धता वाली सारी बात ग़लत."

"हो सर. पेपरमध्ये लिहिलेलं तापमान खोटं आहे, आणि कारणही खोटं. आकडे तेवढे खरे."

त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं, आता सगळं संपलं, खंडेरावांचंही आणि माझंही. मग त्यांनी चष्मा काढला.

"वो अलमारी वाली प्लेट्स… मैंने आपसे जो कहा था…" त्यांनी कागदाची घडी घातली. "एडिटर को ख़त मैं लिखूँगा. पेपर वापस. मेरे नाम से जाएगा."

दुपारी तिघांनी मिळून टोक पुन्हा भिंतीला बांधलं, तसंच, जसं मार्चमध्ये होतं. दुसरं टोक चौकटीला. पात्रातली हवा काढली. भिंतीवरचा आकडा वीस, बावीस, चोवीस असा रांगत होता. चौकटीवरचा धावत होता. पन्नास. साठ. भिंतीने तीस गाठलं तेव्हा अडुसष्टवर थांबला.

अरोरा हळूच म्हणाले, "अड़सठ." कुणाचं तरी नाव घेतल्यासारखं.

२१ ऑक्टोबर

टोक जागेवर बसवून, मुद्दाम अडुसष्ट अंश ठेवून, सहा पट्ट्या केल्या. प्रत्येक वेळी चौकट मी स्वतः दुसऱ्या तापमापकाने तपासली.

२.०, १.९, २.२, २.१, १.८, २.१.

पेपर परत घेतल्याचं पत्रही आजच आलं. पहिल्या नावाचा माझा एकुलता एक पेपर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रडलेही थोडी, बाथरूममध्ये. बाहेर आले तर हेरंबने टेबलावर लिंबू सरबत ठेवलं होतं. त्याचं आपलं काहीतरी.

१५ नोव्हेंबर

हवा इतकी वाईट आहे की समोरचा टॉवर दिसत नाही. शाळा घरून चालू. मी मास्क लावून दिल्लीतल्या दुसऱ्या एका संस्थेत गेले. क्ष-किरणांचं यंत्र तिथे आहे. खंडेराव बरोबर होते, पट्ट्यांचा डबा मांडीवर धरून, बाळ धरावं तसा.

पट्टीला जवळजवळ समांतर, घसटून जाईल असा क्ष-किरण सोडायचा. रेणूंच्या रांगांवरून तो विखुरतो आणि पडद्यावर ठिपके उमटतात. ठिपके वर आले की एक रचना, बाजूला आले की दुसरी.

आधी ऑगस्टची. पाठ-पोट लागून बसलेल्या रेणूंमधल्या अंतराचा ठिपका बरोबर वर, मध्यभागी. म्हणजे चळत. एकावर एक पालथे. मग अडुसष्टवाली. तोच ठिपका, तेच अंतर, पण खाली सरकून आडव्या रेषेवर, दोन्ही बाजूंना. आणि वरच्या दिशेने ठिपक्यांची एक सरळ माळ, एकाखाली एक, रेणूच्या पूर्ण उंचीच्या अंतरावर. मजल्यावर मजला, मजल्यावर मजला, आणि प्रत्येक मजल्यावर सगळे उभे.

त्यांना कुणी उभं केलं नाही. धरलं नाही, ओळ लावली नाही. थंड पट्टीवर रेणू जिथे पडतो तिथेच चिकटतो. थोडी ऊब मिळाली की तो सरकतो, हलतो, शेजारी शोधतो, आणि शेजाऱ्याला पाठ-पोट लावून उठून उभा राहतो. दुसरा त्याच्याशी. मग तिसरा. सेकंदाला कोट्यवधी. चाळीस अंशांचा फरक, आपल्या चहाच्या कपात असतो तेवढा.

खंडेराव पडद्यासमोर हात मागे बांधून उभे होते. म्हणाले, "परेडच आहे की."

मी हसले नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मास्कमुळे चष्म्यावर धुकं.

१० डिसेंबर

दोन बातम्या. खंडेरावांचा करार वाढला. समितीत त्यांचा तो कागद निघालाच. एकाने विचारलं म्हणे, असा माणूस ठेवायचा कशाला? अरोरा म्हणाले, "क्योंकि उसने ख़ुद लिख के दिया." हे मला अरोरांनी नाही सांगितलं, ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं. अरोरांची बढती मात्र या खेपेला हुकली.

दुसरी बातमी घरातली. संध्याकाळी हेरंबच्या ऑफिसमधले लोक जेवायला होते. मी पुऱ्या तळत होते आणि बाहेरून त्याचा आवाज आला. तो कुणाला तरी समजावत होता, "नाही नाही, शुद्धतेचा संबंधच नाही. पट्टी गार असली की रेणू पालथे पडतात, चार्ज वर-खाली जातो. गरम केली की कडेवर उभे, मग आडवा जातो. शुभदाने शोधलंय ते." पुढे त्याने दोन चमचे घेऊन दाखवलंही, आणि बरोबर दाखवलं.

मी झारा हातात धरून ऐकत राहिले. पुरी काळी झाली. हा सगळं ऐकत होता? कधीपासून?

१६ जानेवारी २०२५

नवा पेपर लिहायचा, तापमानाचा. पण अरोरांशी बोलता बोलता माझ्या मनात एक गोष्ट अडकली होती. पालथ्यांना आपण मेलेले म्हणतो, कारण वीज आडवी न्यायची होती. सौरघटात वीज आडवी कुठे जाते? ती थराच्या आरपार जाते, खालून वर. तिथे तर चळतच पाहिजे.

"अंदाज़ अच्छा है," अरोरा म्हणाले. "एक प्लेट से कुछ साबित नहीं होता. ज़्यादा बनाइए."

वाहक लेप लावलेल्या काचांवर अकरा पट्ट्या केल्या. चौकट पंचवीस अंशांवर, जितकी गार राहील तितकी. वर वीज बाहेर घ्यायला चांदीचा ठिपका. तुलनेला अडुसष्टच्या उभ्या रेणूंच्या अकरा. आज मोजायला बसले. बाहेर धुकं, दिवसा दिवे लावलेले. अरोरा एका बाजूला, खंडेराव दुसऱ्या.

आधी उभ्या. मार्चमध्ये मला ज्यांनी स्टुलावर खिळवलं तेच रेणू. आरपार वीज जेमतेम. मीटर कुंथत होता.

मग पालथी. पहिली लावली. आकडा मीटरची मर्यादा ओलांडून गेला. मीटरची श्रेणी बदलली, पुन्हा ओलांडून गेला. तिसऱ्या श्रेणीत थांबला. उभ्यांच्या नऊशेपट.

दुसरी लावली. आठशे ऐंशी. तिसरी. चौथी. सहावीनंतर अरोरांनी पेन खाली ठेवलं. अकरावीपर्यंत मी हातानेच मोजलं, घाई केली नाही. सगळ्या आठशे ते हजारांच्या मधे. एकही पडली नाही.

तीच पूड. एक अणू कमी नाही, एक अणू जास्त नाही. इकडे वीज अडते, तिकडे धावते, आणि मधे फक्त कूस बदलल्याचा फरक. माझ्या हाताखाली दोन वेगवेगळे पदार्थ होते आणि ते एकच होते. हे मी यापुढे किती वेळा मोजेन ठाऊक नाही, पण याची सवय होईल असं वाटत नाही. होऊ नये.

लेखकांच्या नावांचं बोलणं निघालं. मी खंडेरावांचं नाव टाइप केलं होतं. ते म्हणाले, "नको ताई. उद्या कुणी म्हणेल, यानंच खोटं तापमान दाखवलं."

"तेही लिहिलंय. तिसऱ्या परिच्छेदात. टोक भिंतीला बांधलेलं होतं, म्हणून कळलं. आणि रंगावरून दिशा पहिल्यांदा कुणी ओळखली, तेही."

त्यांनी परिच्छेद वाचायला मागितला. मी मराठीत सांगत गेले, ते एकेक वाक्याला मान हलवत गेले. मग म्हणाले, "बरोबर आहे. मग पूर्ण नाव घाला. खंडेराव मारुती जगदाळे. मारुती वडील."

अरोरा फळ्याकडे गेले. एका टोकाला पंचवीस लिहिलं, दुसऱ्याला अडुसष्ट. मधल्या मोकळ्या जागेकडे आम्ही तिघंही बघत होतो. तिथे रेणू काय करतात? अर्धे उठतात? तिरपे राहतात? कुणालाच माहीत नव्हतं.

"बीच में चालीस से शुरू करें?" अरोरांनी विचारलं, मला नाही, खंडेरावांना.

खंडेरावांनी पात्राच्या झाकणावर हात ठेवून क्षणभर विचार केला. "पंचेचाळीस, साहेब. चाळीसला चौकटीचा आकडा जरा डुलतो. पंचेचाळीसला स्थिर राहील."

अरोरांनी फळ्यावर पंचेचाळीस लिहिलं.